१/७०० झुइकाकू: आधी तारीख ठरवा, मग किट उघडा

प्रश्न असा आहे: जपानी विमानवाहू जहाज 'झुइकाकू'चं १/७०० प्रमाणातलं किट हाताशी आहे. सोबत पितळी फोटो-एच संच (रसायनाने कोरलेले पातळ पितळी भाग) आणि लाकडी डेकचा पातळ पत्रा घ्यावा का? जहाज इतिहासाला धरून अचूक व्हायला हवं, तर काम कुठून सुरू करायचं, रंग कोणते आणि डेकवर विमानं किती मांडायची?

काम तारखेपासून सुरू होतं. झुइकाकू कोबेच्या कावासाकी गोदीत बांधली गेली, २५ सप्टेंबर १९४१ रोजी नौदलात दाखल झाली आणि २५ ऑक्टोबर १९४४ रोजी केप एंगान्योच्या लढाईत बुडाली. या तीन वर्षांत ती इतकी बदलली की डिसेंबर १९४१ची झुइकाकू आणि ऑक्टोबर १९४४ची झुइकाकू ही मॉडेलच्या टेबलावर दोन वेगळी जहाजं आहेत. तोफा वेगळ्या, रडार वेगळं, रंग वेगळा, पोर्टहोल (गोल खिडक्या) वेगळी आणि विमानंही वेगळी. 'युद्धकाळातली झुइकाकू' असं म्हणून बांधायला घेतलं की हमखास खिचडी होते: डेकवर १९४१ची फिकट झिरो लढाऊ विमानं, कडेला १९४४च्या तोफा आणि आयलंडवर, म्हणजे डेकच्या कडेच्या मनोऱ्यावर, नंतर बसलेलं रडार. असं जहाज कुठल्याच दिवशी समुद्रावर नव्हतं.

किटच्या खोक्यावरच्या चित्रावर यासाठी विसंबू नका. बऱ्याच किटांत एकाच साच्यातून दोन-तीन काळांतले भाग येतात आणि सूचनापत्रकात कुठला भाग कधीचा हे अर्धवट सांगितलेलं असतं. तामियाचं १/७००चं जुनं किट सत्तरच्या दशकातल्या वॉटरलाइन मालिकेतलं, म्हणजे पाण्यावर दिसतं तेवढंच जहाज देणारं आहे. आकार ढोबळ मानाने ठीक, बारकावे जाड. फुजिमीचं नंतरचं किट बरंच सरस आहे, आणि १/३५०मध्येही फुजिमीचीच झुइकाकू मिळते. पहिलं विमानवाहू जहाज करत असाल तर १/७००च बरं. १/३५०मध्ये जहाज पाऊण मीटर लांब होतं आणि प्रत्येक उघडी गॅलरी भरावी लागते.

तोफांचा हिशेब एकदा कागदावर मांडून घ्या, कारण तारीख चुकली की सगळ्यात आधी तिथेच कळतं. दाखल झाली तेव्हा जहाजावर १२.७ सेंटिमीटरच्या जोडनळी तोफा आठ ठिकाणी होत्या. ही संख्या अखेरपर्यंत तीच राहिली. बदलल्या त्या २५ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा. सुरुवातीला तीननळी माउंट १२. मिडवेच्या लढाईनंतर, १९४२च्या मध्यात, सहा वाढली: नाळेला दोन, पिछाडीला दोन, आयलंडच्या पुढे एक आणि मागे एक. मग नाळेला आणि पिछाडीला आणखी एकेक वाढून एकूण २० झाली. जून १९४४च्या फिलिपाइन समुद्रातल्या लढाईआधी १० एकनळी तोफा बसल्या आणि त्या लढाईनंतर आणखी २६. म्हणजे शेवटच्या लढाईला तीननळी २०, एकनळी ३६, एकूण ९६ नळ्या. शिवाय २८ नळ्यांचे अग्निबाण सोडणारे आठ लाँचर. किटमध्ये एकनळी तोफा बहुधा पुरेशा नसतात किंवा इतक्या जाड असतात की वापरवत नाहीत. त्या वेगळ्या घ्याव्या लागतील हे पहिल्याच दिवशी धरून चला.

रडारचंही तसंच. डिसेंबर १९४१मध्ये जहाजावर रडार नव्हतं. गादीसारख्या चौकटीचं २१ क्रमांकाचं रडार आयलंडच्या माथ्यावर पुढे बसलं, आणि १३ क्रमांकाचं उभं, शिडीसारखं रडार १९४४मध्ये डोलकाठीवर आलं. पर्ल हार्बरची झुइकाकू करत असाल तर फोटो-एच संचातले हे दोन्ही भाग डबीतच राहू द्या. संचात आहेत म्हणून लावले जातात, ही या जहाजाच्या मॉडेलांत सर्रास दिसणारी चूक आहे.

मोजमाप

काहीही चिकटवण्याआधी पट्टी घेऊन बसा. जहाजाची एकूण लांबी २५७.५ मीटर, म्हणजे १/७००मध्ये ३६८ मिलिमीटर. फ्लाइट डेक २४२.२ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद. मॉडेलवर ३४६ आणि ४१.४ मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तो सुधारायला जाल तर बाकीचे सांधे बिघडतील. लांबीपेक्षा जाडीकडे बघा. किटमधले तोफांचे सज्जे आणि डेकच्या कडा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतात. ७००ने गुणलं की ते अर्ध्या मीटरहून जाड पोलाद होतं! खऱ्या जहाजावर तिथे पातळ पत्रा आणि खाली त्रिकोणी आधार होते. सज्जाची कड खालून तिरपी तासून दिसणारी धार ०.३ मिलिमीटरवर आणा. वरचा पृष्ठभाग तसाच राहतो, जोडणी बिघडत नाही आणि समोरून बघणाऱ्याला पत्रा पातळ वाटतो. एका संध्याकाळचं काम आहे, आणि माझ्या मते महागड्या पितळी संचापेक्षा मॉडेलचं रूप यानेच जास्त पालटतं.

हलच्या, म्हणजे जहाजाच्या धडाच्या, बाजूंवरची पोर्टहोल ०.४ किंवा ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने मोकळी करा. आधी सुईने मध्यबिंदू दाबून घ्या, नाहीतर ड्रिल घसरून ओळ वाकडी होते, आणि लांब हलवर वाकडी ओळ हातभरावरूनही खटकते. भोक आरपार नको, एक मिलिमीटर खोल पुरे; नंतर गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडला की ती आपोआप काळी दिसतात. १९४४चं जहाज असेल तर खालच्या ओळींतली पोर्टहोल पत्रा लावून बंद केलेली होती. ती पुट्टीने सपाट बुजवू नका. बंद केलेल्या जागी गोल पत्र्याची पुसटशी खूण राहायची. पातळ प्रायमरचे दोन-तीन हात उथळ खोलगटीत बसले की नेमकी तेवढीच खूण उरते.

हलच्या कडेने जाणारी डिगॉसिंग केबल, म्हणजे चुंबकीय सुरुंगांपासून बचावासाठी बाहेरून बसवलेली वेटोळी, बहुतेक साच्यांत कोरलेली असते. सांधा घासताना नाळेजवळ ती हमखास पुसली जाते. पुन्हा करायची तर स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिची काडी) गरम करून ताणलेला किंवा ०.२ मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी पातळ सिमेंटने चिकटवा. सुपरग्लूने चिकटवलेली केबल रंगाखाली गाठी-गाठीची दिसते.

फ्लाइट डेक

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. वरून बघताना मॉडेलचा बहुतेक भाग म्हणजे डेकच.

आधी डेक सरळ आहे का ते तपासा. साडेतीनशे मिलिमीटरचा पातळ प्लास्टिकचा तुकडा खोक्यात वाकतो. काचेवर पालथा ठेवून टोकं उचललेली दिसली तर ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, उलट दिशेला थोडा जास्त वाकवा आणि सपाट काचेवर वजनाखाली थंड होऊ द्या. उकळतं पाणी वापरू नका, बारीक कडा वितळून लाटा उठतात. डेक दोन-तीन तुकड्यांत आला असेल तर ते हलवर बसवण्याआधी जोडायचे. खालून प्लास्टिकच्या पट्टीचा आधार द्या, सांधा पूर्ण सुकायला एक दिवस द्या आणि मगच घासा. घाई केली तर महिनाभराने सांधा आत ओढला जातो आणि रंगाखालून रेघ उमटते.

आता लाकडी पत्र्याचा प्रश्न. लेसरने कापलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर १/७००मध्ये मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका असं सांगेन. कारण प्रमाण. लाकडाच्या नैसर्गिक रेषा ७०० पटीने लहान होत नाहीत, त्या तितक्याच राहतात आणि प्रत्येक फळी दोन मीटर रुंद झाडाची वाटते. थराची जाडीही लिफ्टच्या कडेला पायरीसारखी दिसते. शिवाय मागचा चिकट थर दमट हवेत दोन-तीन वर्षांत टोकांना सुटतो. मुंबई-कोकणात तर लवकरच. १/३५०मध्ये तो शोभतो, तिथे हरकत नाही.

रंगवलेला डेक जास्त अचूक होतो. किटमध्ये फळ्यांच्या रेघा कोरलेल्या असतात. ०.१ मिलिमीटरची कोरीव रेघ म्हणजे प्रत्यक्षात सात सेंटिमीटरची फट, म्हणून या रेघा गडद वॉशने भरू नका. त्या जेवढ्या पुसट तेवढ्या खऱ्या. एक पक्कं लक्षात ठेवा: जपानी जहाजांवर फळ्या जहाजाच्या लांबीच्या दिशेने असत, अमेरिकी जहाजांसारख्या आडव्या नव्हेत. डेकची पुढची आणि मागची टोकं मात्र पोलादी होती आणि ती राखाडी रंगवायची. फळ्यांच्या भागात ठरावीक अंतरावर आडव्या पोलादी पट्ट्या, म्हणजे डेकचे प्रसरण-सांधे, दिसतात. मास्किंग टेप लावून त्याही राखाडी करा. त्या सोडल्या की डेक नाचाच्या हॉलच्या जमिनीसारखा दिसू लागतो.

१९४१च्या डेकसाठी क्रम असा: तामियाचा एक्सएफ-७८ हा लाकडी डेकचा रंग, त्यात थोडा पांढरा, पातळ करून सगळीकडे. मग त्याच रंगाच्या चार छटा करा: एक थोडी राखाडी, एक पिवळसर, एक गडद, एक फिकट. एक मिलिमीटर रुंदीच्या टेपच्या पट्ट्या विखरून लावा, एक छटा मारा, टेप काढा, दुसरीकडे लावा, पुढची छटा. छटांमधला फरक इतका कमी ठेवा की हातभर अंतरावरून डेक एकरंगी वाटावा आणि जवळून पाहिल्यावरच फळ्या उमटाव्यात. शेवटी मूळ रंग अगदी पातळ करून सगळ्यावरून एक हात फिरवा, म्हणजे छटा एकमेकींत मिसळतात. हा शेवटचा हात टाळला तर डेक बुद्धिबळाच्या पटासारखा होतो.

खुणांमध्ये पांढऱ्या तुटक रेघा, पुढच्या टोकाला वाऱ्याची दिशा बघण्यासाठीच्या पंख्यासारख्या पसरलेल्या रेघा आणि तिथेच वाफ सोडायचं छिद्र, पिछाडीच्या उतरत्या टोकाला लाल-पांढरे पट्टे, आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात ओळखीचं काताकाना (जपानी लिपीतलं) अक्षर: झुइकाकूसाठी 'सु', तिच्याच जोडीच्या शोकाकू जहाजासाठी 'शि'. दोन्ही जहाजांचं एकच डेकल-पान (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचं) देणारी किटं आहेत, तेव्हा अक्षर नीट बघून कापा. डेकच्या पुढच्या भागातला मोठा लाल गोळा, हिनोमारू, मिडवेच्या वेळी वरून काढलेल्या, हिर्यू या जपानी विमानवाहू जहाजाच्या फोटोत स्पष्ट दिसतो. तो फोटो इतका प्रसिद्ध आहे की लोक प्रत्येक जपानी वाहकावर (विमानवाहू जहाजावर), प्रत्येक तारखेला गोळा चिकटवतात. डेकलच्या पानावर गोळा आहे हा पुरावा नव्हे. तुमच्या तारखेच्या आसपासचा त्याच जहाजाचा फोटो असेल तरच लावा, नसेल तर डेक मोकळा ठेवा.

डेकलऐवजी पांढऱ्या रेघा फवारता आल्या तर उत्तम. डेकलचा चकाकता कागद फळ्यांवर उठून दिसतो. डेकलच वापरणार असाल तर आधी चमकदार क्लिअर (पारदर्शक थर), मग डेकल, मऊ करणारं द्रावण, पुन्हा क्लिअर आणि शेवटी मॅट. मॅट रंगावर थेट लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि तिथे चंदेरी डाग पडतो. तो नंतर सहज जात नाही.

रंग

झुइकाकू कुरे नौदल तळाशी जोडलेली होती, म्हणून हलसाठी कुरेचा राखाडी, तामियाचा एक्सएफ-७५. सासेबोचा एक्सएफ-७७ वेगळा आहे. शेजारी ठेवले तरच फरक कळतो, पण अचूकतेचा आग्रह असेल तर योग्य बाटली घेण्यात जास्त पैसे लागत नाहीत. बाटलीतला रंग १/७००मध्ये जसाच्या तसा मारला तर जहाज काळवंडतं, कारण खऱ्या जहाजाकडे आपण इतक्या दुरून हवेच्या थरातून पाहतो. दहा भाग राखाडीत एक ते दीड भाग पांढरा पुरे. वॉटरलाइन मॉडेलमध्ये खालचा लाल भाग फक्त एक पट्टी म्हणून दिसतो. काही जण तोही गाळतात, आणि समुद्राचा तळ बसवणार असाल तर तेच योग्य.

१९४४चं जहाज हिरवं होतं. हलच्या बाजूंवर फिकट हिरव्यावर गडद हिरव्याने व्यापारी जहाजाची छायाकृती रंगवलेली, जेणेकरून पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला वाहकाऐवजी मालवाहू जहाज वाटावं. डेकवरही हिरव्या छटांची छलावरणं होती. केप एंगान्योच्याच लढाईतल्या झुइहो या छोट्या वाहकाचा अमेरिकी विमानातून वरून घेतलेला फोटो बघा; डेकवर रंगाने भासवलेल्या आकृत्या त्यात अगदी स्पष्ट आहेत. सूचनापत्रकातली आकृती आणि फोटो यांत फरक दिसला तर फोटो माना. मात्र कृष्णधवल फोटोत दोन हिरवे सहज एकसारखे दिसतात, म्हणून तो आकारासाठी वापरा, छटेसाठी नको. छलावरणाच्या कडा फ्रीहँड फवारू नका. खऱ्या जहाजावर हे ब्रशने रंगवलं होतं आणि कडा ठळक होत्या. १/७००मध्ये मऊ कड अर्ध्या मिलिमीटरची झाली तरी प्रत्यक्षात ती ३५ सेंटिमीटर पसरलेली धुक्याची पट्टी होते.

पावसाळ्यात रंगकाम करताना सावध राहा. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर लॅकर रंग फवारला की दमटपणामुळे पृष्ठभाग पांढुरका पडतो. रंग सुकताना थिनर वेगाने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) असलेला थिनर वापरा, एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला ओलावा पकडणारी बाटली लावा आणि शक्यतो एसी किंवा डीह्युमिडिफायरच्या खोलीत काम करा. पांढुरकं झालंच तर त्यावर रिटार्डर मिसळलेला थिनर हलकेच फवारला की बरेचदा जातं. लॅकरसाठी एक भाग रंगाला दीड ते दोन भाग थिनर आणि १५ ते १८ पीएसआय दाब, हे प्रमाण डेक आणि हल दोन्हींना चालतं.

तोफा, कठडे, डोलकाठ्या

२५ मिलिमीटर तोफेची नळी दीड मीटर लांब, म्हणजे मॉडेलवर दोन मिलिमीटरच्या थोडी पुढे. किटमधली नळी खऱ्या तोफेपेक्षा पाच-सहा पट जाड असते. फाइन मोल्ड्सच्या नॅनो-ड्रेड मालिकेतल्या तीननळी आणि एकनळी तोफा प्लास्टिकच्याच असून फार नाजूक कोरलेल्या आहेत. थ्रीडी प्रिंटेड रेझिनच्या त्याहून बारीक मिळतात, पण आधारकाड्यांपासून सोडवताना नळ्या मोडतात. कटरने तोडू नका. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून धारदार नव्या ब्लेडने आधार एकेक कापा. २० तीननळी हव्या असतील तर २४ जवळ ठेवा.

१२.७ सेंटिमीटर तोफांच्या नळ्या ७.३ मिलिमीटर. त्या पितळी मिळाल्या तर उत्तम, नाहीतर किटच्या नळ्यांचं टोक सुईने खोलून घ्या. उजव्या बाजूला धुराड्यांच्या मागे असलेल्या तोफांवर धुरापासून बचावाचं बंद कवच होतं. डाव्या बाजूच्या तोफा उघड्या. हा फरक किटमध्ये असतो, पण भागांचे क्रमांक उलटसुलट बघितले की कवचाच्या तोफा डावीकडे जातात. दोन्ही धुराडी उजवीकडे बाहेर वाकून खाली झुकलेली आहेत, हे डोळ्यांसमोर ठेवलं की गोंधळ होत नाही.

फोटो-एच संच घ्या, पण सगळा वापरायचा आग्रह नको. माझी पसंती या क्रमाने: डेकच्या कडेच्या जाळ्या, घडीच्या डोलकाठ्या, रडार, पिछाडीच्या आणि बोटींच्या भागातले कठडे, क्रेन. एक मीटर उंचीचा कठडा १/७००मध्ये १.४ मिलिमीटर होतो. बाजारात दोन मिलिमीटरचे कठडेही मिळतात आणि ते लावले की माणसं त्यामागे बुडतात. फ्लाइट डेकच्या कडेला उभा कठडा नव्हता, तिथे बाहेर पसरलेली जाळी आणि गॅलऱ्या होत्या. पितळ कापल्यावर आधी व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं, मग साबणाच्या पाण्यात. नाहीतर प्रायमर सोलून निघतो. चिकटवायला सुपरग्लू, सुईच्या टोकावर एक थेंब. जास्त लागला तर ओघळ सुकल्यावर पांढरा धूर धरतो आणि आजूबाजूचा रंग खराब करतो.

डेकच्या कडेचे घडीचे रेडिओ मास्ट ही जपानी वाहकांची खास खूण. विमानांची ये-जा चालू असताना ते बाहेर आडवे पाडलेले असत. म्हणून डेकवर उड्डाणाच्या तयारीतली विमानं आणि कडेला उभे मास्ट हे एकत्र दाखवणं चूक. विमानं असतील तर मास्ट आडवे, मास्ट उभे असतील तर डेक मोकळा. तारा ताणलेल्या स्प्रूच्या किंवा लवचीक बारीक धाग्याच्या, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. डेकच्या कडेला उतरताना दिशा दाखवणारे लाल-हिरवे दिवे बाहेर काढलेल्या दांड्यांवर होते. बहुतेक किटांत ते नुसते टोकदार काटे असतात. तिथे पितळी तार आणि टोकाला रंगाचा ठिपका द्या.

विमानं

विमानांची रास नको, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकी वाहकांवर विमानं कायम डेकवर उभी असत. जपानी वाहक त्यांना हँगरमध्ये नेत, इंधन-दारूगोळाही बहुतांशी तिथेच भरत. मोहिमेच्या मधल्या तासांत मोकळा डेक हे अगदी खरं चित्र आहे.

भरलेला डेक हवाच असेल तर पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची दुसरी लाट घ्या. झुइकाकूने त्या लाटेत २७ नाकाजिमा बी५एन२, म्हणजे 'केट' विमानं पाठवली, आणि ती सगळी बॉम्ब टाकणारी होती. टॉर्पेडो फक्त आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या वाहकांवरच्या पहिल्या लाटेतल्या केटांकडे होते. म्हणून झुइकाकूच्या केटच्या पोटाखाली टॉर्पेडो लावू नका. किटमध्ये टॉर्पेडो येतो आणि हात आपोआप तिकडे जातो. पहिल्या लाटेत या जहाजावरून २५ आयची डी३ए१ डाइव्ह बॉम्बर आणि काही झिरो गेले.

२७ केट मांडताना गणित करून बघा. पंख उघडे असताना रुंदी १५.५ मीटर, म्हणजे २२ मिलिमीटर, आणि डेक ४१ मिलिमीटर. दोन केट शेजारी-शेजारी सरळ रेषेत बसत नाहीत. त्या मागे-पुढे सरकवून, एकीचा पंख दुसरीच्या शेपटीवर अशा लावाव्या लागतात. शिवाय पुढच्या विमानाला धावायला डेकचा पुढचा भाग मोकळा हवा. म्हणून पुढच्या काही विमानांचे पंख उघडे आणि मागच्या रांगांचे घडी घातलेले दाखवा. घडीत रुंदी साडेदहा मिलिमीटरवर येते. घडीच्या पंखांसाठी किटचा पंख सांध्यावर कापून वर उभा करावा लागतो, टोकं एकमेकांवरून जातात. प्रोपेलर चालू असतील तर पारदर्शक पातळ चकत्या लावा आणि चाकाला अडसर, माणसं यांनी जागा भरा.

खुणांत विसरायची नाही अशी एक: झुइकाकूच्या विमानांच्या धडावर मागे दोन पांढरे पट्टे, शेपटीवर 'ईआयआय' मालिकेचे क्रमांक. शोकाकूला एक पांढरा पट्टा. आकागीला एक लाल, कागाला दोन लाल, सोर्यूला एक निळा, हिर्यूला दोन निळे. एका पट्ट्यामुळे तुमचं विमान शेजारच्या जहाजाचं होतं. झिरो तेव्हा फिकट राखाडी-पिवळसर, इंजिनाचं आवरण काळं. पट्टा १/७००मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हाताने रंगवण्यापेक्षा पांढऱ्या डेकलची पट्टी कापून गुंडाळणं सोपं.

१/७००ची विमानं बहुधा पारदर्शक प्लास्टिकची येतात. कॉकपिटवर मास्किंग द्रव लावा, विमान रंगवा, मग सुईने द्रव सोला. हे प्लास्टिक ठिसूळ असतं, स्प्रूवरून थेट मोडू नका. आधी दूरवर कापून मग जवळ या. पंखांच्या मागच्या कडा खालून घासून पातळ केल्या की विमान खेळण्यासारखं वाटत नाही.

ऑक्टोबर १९४४साठी झिरो, तेन्झान (टॉर्पेडो विमान) आणि सुइसेई (डाइव्ह बॉम्बर). वरून गडद हिरवी, खालून राखाडी. २४ तारखेला हल्ल्यासाठी विमानं पाठवून झाल्यावर २५ तारखेला जहाजावर फारच थोडी उरली होती. तुम्ही २५ तारीख धरली असेल तर डेकवर तीन-चार झिरो पुरेत, किंवा एकही नको. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या सहा वाहकांपैकी तेव्हा ही एकच शिल्लक होती आणि ती शत्रूला उत्तरेकडे ओढण्यासाठी आमिष म्हणून पाठवली होती. तो रिकामा डेक भरून टाकणं म्हणजे त्या दिवशी काय घडलं तेच पुसणं.

भारतीय वाचकांसाठी तिसरी तारीखही आहे: एप्रिल १९४२. ५ एप्रिलला कोलंबो आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला करणाऱ्या ताफ्यात झुइकाकू होती. कागा त्या मोहिमेत नव्हती. या तारखेचं जहाज जवळपास पर्ल हार्बरसारखंच: १२ तीननळी तोफा, रडार नाही, राखाडी हल. त्यामुळे १९४१च्या किटमधूनच ते सरळ होतं आणि फार कोणी करत नाही.

जोडणीचा क्रम

हल, पिछाडीची बोटींची जागा आणि डेकखालच्या गॅलऱ्या आधी पूर्ण रंगवून घ्या. डेक चिकटवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. डेकखालचे आधारखांब, क्रेन, बोटी बसवून झाल्यावर डेक. डेक चिकटवताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. टोकांपासून सुरू केलं तर मध्ये फुगवटा येतो. सज्जे आणि डेक यांमधल्या फटी पुट्टीऐवजी पांढऱ्या लाकडी गोंदाने भरा, ओल्या कापडाने पुसता येतो आणि घासावं लागत नाही. आयलंड वेगळं रंगवून नंतर बसवा. मग जाळ्या, तोफा, मास्ट, तारा, आणि अगदी शेवटी विमानं, पारदर्शक मॅटचा हात देऊन झाल्यावर, म्हणजे कॉकपिटच्या काचा धूसर होणार नाहीत.

जुनेपणा हाताला आवर घालून करा. नांगराच्या भोकांखाली, पाणी बाहेर पडणाऱ्या जागी तपकिरी रंगाची एक बारीक ओघळ, बस. युद्धनौकेवर रंगकाम रोजचं काम होतं. गंजलेली झुइकाकू खोटी दिसते. पर्ल हार्बरच्या वेळी तर जहाज दाखल होऊन अडीच महिनेही झाले नव्हते, तिचा रंग जवळजवळ नवा होता.

समुद्राचा तळ करणार असाल तर उड्डाणाच्या दृश्यात जहाज वाऱ्याच्या तोंडाला वेगात हवं: नाळेला उंच फेस, पिछाडीला लांब सरळ पांढरा पट्टा, आणि डेकच्या पुढच्या छिद्रातून निघणारी वाफ डेकच्या मध्यरेषेवरून सरळ मागे जाणारी. वाफ तिरकी दाखवली तर जहाज वाऱ्याच्या तोंडाला नाही असा अर्थ होतो, आणि मग विमानं सुटणार नाहीत. कापसाचे अगदी दोन-चार तंतू मॅट क्लिअरने चिकटवले की ती वाफ होते. काच किंवा अॅक्रिलिकची बंद पेटी जहाज पूर्ण होण्याआधीच मापात करून घ्या, कारण ०.०६ मिलिमीटरच्या तारांवरची धूळ कुठल्याही ब्रशने निघत नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्याआधी ती बदला.